नळावरचे पांढरे डाग आणि लिंबूसत्त्व

शेजारच्या काकूंनी परवा विचारलं, "बोअरच्या पाण्याने नळ पांढरे पडलेत. कितीही घासले तरी डाग जात नाहीत. काय करू?"

उत्तर किराणा दुकानात आहे: लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक आम्ल.

हे डाग क्षारांचे, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. साबणाने ते विरघळत नाहीत, आम्लाने विरघळतात.

पेलाभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर लिंबूसत्त्व घाला. त्यात फडकं भिजवून नळाला गुंडाळा. अर्ध्या तासाने जुन्या टूथब्रशने घासून धुवा. इलेक्ट्रिक किटलीच्या तळाचा थरही याच पाण्याने निघतो: उकळा, थोडा वेळ ठेवा, स्वच्छ विसळा. माझ्या घरी वर्षानुवर्षं हेच चालतं.

तीन गोष्टी मात्र सांभाळा.

👉 संगमरवर आणि शहाबादी फरशीला आम्ल लावू नका. दोन्हींत कॅल्शियम कार्बोनेटच असतं, त्यामुळे चकाकी जाते.

👉 व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करू नका. फेस भरपूर येतो, पण दोघांचाही जोर संपतो.

👉 ब्लीचिंग पावडरमध्ये आम्ल कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

तुमच्या घरी कुठला डाग जात नाहीये? तो कशावर पडलाय तेही लिहा, उपाय नक्की सांगते.