लेसर (शिडाची होडी)

लेसर ही एकट्या खलाशाने चालवायची, एकच शीड असलेली लहान शर्यतीची होडी आहे. २०१९ पासून तिचे अधिकृत नाव ‘आयएलसीए’ असे झाले असले, तरी हौशी खलाशांच्या तोंडी जुनेच नाव टिकून आहे.

इतिहास

कॅनडाचे नौकानयनपटू व पत्रकार ब्रूस कर्बी यांनी १९६९ मध्ये या होडीचे पहिले रेखाटन दूरध्वनीवर बोलता बोलता केले. मोटारीच्या टपावर लादून नेता येईल अशी होडी हवी, एवढीच मागणी होती. त्यानंतर दोन लाखांहून अधिक लेसर होड्या बांधल्या गेल्या. १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये लेसरच्या शर्यती होतात, तर लहान शिडाचा ‘रेडियल’ प्रकार २००८ पासून महिलांसाठी आहे. याच प्रकारात नेत्रा कुमानन टोकियो ऑलिंपिकला पात्र ठरल्या. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत विष्णू सरवणन यांनी मोठ्या शिडाच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले.

रचना

होडीची लांबी सुमारे ४.२ मीटर, सांगाड्याचे वजन सुमारे ५९ किलोग्रॅम आणि मोठ्या शिडाचे क्षेत्रफळ ७.०६ चौरस मीटर असते. डोलकाठी दोन तुकड्यांची असून तिला आधाराच्या तारा नसतात. शीड पिशवीसारखे तिच्यावर चढवतात. सर्व होड्या एकाच मापाच्या असल्याने शर्यतीचा निकाल मुख्यतः खलाशाच्या शरीराच्या तोलावर व हातावर ठरतो.

हाताळणी

पाण्यात उतरण्यापूर्वी मागील बाजूचे बूच घट्ट बसवले आहे का, हे पाहावे. क्षुल्लक वाटणारी ही गोष्ट विसरल्यामुळे कित्येक होड्यांत पाणी भरते. डोलकाठीही दोरीने सांगाड्याला बांधावी, नाहीतर होडी पालथी झाल्यास ती निसटते.

वाऱ्याच्या रोखाने जाताना होडी सपाट राहिली पाहिजे. त्यासाठी खलाशी पट्ट्याखाली पाय अडकवून काठाबाहेर झुकतो. झोत आला की आधी शिडाची दोरी किंचित सैल सोडावी, शरीर बाहेर टाकावे आणि होडी सपाट होताच दोरी पुन्हा ओढावी. कलंडलेली होडी धाडसी दिसते, पण ती आडवी घसरते आणि मागे पडते.

वाऱ्याला पाठ देऊन वळताना, म्हणजे ‘जाइब’ घेताना, नवशिके भीतीने वेग कमी होण्याची वाट पाहतात. वास्तविक होडी वेगात असतानाच शिडावरील वाऱ्याचा जोर कमी असतो. त्या क्षणी दोरीला झटका द्यावा, अन्यथा ती होडीच्या मागील कोपऱ्यात अडकते. वाऱ्याबरोबर धावताना शीड फार बाहेर सोडले, तर होडी डोलू लागते आणि वाऱ्याच्या बाजूलाच उलटते. डोलणे सुरू होताच दोरी थोडी आत ओढावी.

लेसर उलटणे हा अपघात मानत नाहीत. मात्र होडी सोडून पोहत जाणे हा खरा धोका होय. शिडाची दोरी मोकळी करावी, तळातील फळीपर्यंत पोहावे, फळीच्या मुळाशी पाय देऊन उभे राहावे आणि काठ धरून मागे झुकावे. जीवरक्षक जॅकेट घालणे अपरिहार्य आहे.

शर्यतीचे नियम

नेहमीच्या पद्धतीत आरंभापूर्वी ५ मिनिटे पहिला इशारा होतो. दोन होड्या समोरासमोर आल्या, तर जिच्या डाव्या बाजूने वारा येतो तिने वाट सोडायची. नियमभंग झाल्यास सहसा ताबडतोब दोन पूर्ण गिरक्या घेऊन दंड भोगावा लागतो. धोक्यातील माणसाला शक्य ती मदत करणे हे मात्र नियमावलीचे पहिलेच कलम आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये कॅनडाचे लॉरेन्स लेमियू हे ‘फिन’ या एकेरी होडीच्या शर्यतीत दुसऱ्या स्थानावर असताना वाट सोडून पाण्यात पडलेल्या सिंगापूरच्या खलाशांकडे गेले. त्यांना वाचवून ते बरेच मागे राहिले. पंचांनी त्या शर्यतीत त्यांना दुसरेच स्थान दिले.