फटफटीवरून बालाघाट

डोंगर म्हटला की पुण्या-मुंबईच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे सह्याद्री उभा राहतो. कडे, सुळके, धुके आणि गरम भजी! आमचा मराठवाड्यातला बालाघाट त्या मानाने फार गरीब स्वभावाचा. तो अंगावर येत नाही. आपण त्याच्या अंगावर केव्हा चढलो हेसुद्धा तो कळू देत नाही. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटर उंचीवर, तर लातूर सहाशेंच्याही वर. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातुरास पोहोचणारा मनुष्य चांगला अडीचशे मीटर चढून गेलेला असतो, पण एस.टी.त डुलकी लागली असेल तर त्याला त्याचा पत्ताही नसतो. ‘बाला’ म्हणजे वरचा. वरचा तो बालाघाट, खालचा तो पायनघाट, अशी ही जुनी फारशी वाटणी.

हा चढ कळायला फटफटी हवी. आमच्याकडे एक जुनी बुलेट आहे. ही गाडी १९५५ पासून मद्रासेस तयार होऊ लागली. तिचा तो आवाज फौजदाराच्या आगमनाची वर्दी देतो तेव्हा कुणास नवल वाटत नाही. मराठीच्या प्राध्यापिकेच्या आगमनाची देतो तेव्हा मात्र गल्लीतली मुले अजून दाराशी येतात.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ह्यांनी एकाएकी जाहीर केले, “आपण गाडीवर लातूरकडे जाऊन येऊ.”

“एस.टी. काय वाईट आहे?”

“मला थांबायचे आहे तिथे ती थांबत नाही.”

कुठे थांबायचे आहे ते काही सांगितले नाही.

लोह्यापुढे माळेगाव लागले. मार्गशीर्षात खंडोबाच्या यात्रेला जिथे उभे राहायला जागा मिळत नाही, तो माळ त्या दिवशी रिकामा होता. पुढे चढ सुरू झाला आणि इंजिनाचा स्वर जरा जड झाला. सोयाबीनच्या काढणीचे दिवस. शेतकऱ्यांनी अर्ध्या सडकेवर दाणे वाळत घातलेले. चाक त्यावर गेले की गाडी मासोळीसारखी सटकते. चाकूरजवळ वडवळ-नागनाथचे बेट दिसले. प्रमाण भाषेत बेट म्हणजे चोहोकडे पाणी. आमच्याकडे माळावर एकटी उठलेली टेकडीही बेटच; उदगीरकडचे हत्तीबेटही तसलेच. ज्या लातूर शहराला २०१६ च्या एप्रिलपासून मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्याच्याच जिल्ह्यात ही बेटे असावीत, हा विनोद भाषेनेच केलेला. मी वर्गात तो दरवर्षी सांगते.

दुसऱ्या दिवशी औशावरून खरोसा गाठले. इथली लेणी सहाव्या शतकाच्या सुमाराची, जांभ्या दगडातली. नरसिंह, शिवपार्वती, कार्तिकेय ओळखू येतात. पण जांभा ठिसूळ, त्यामुळे चेहरे पावसाने पुसत आणलेले. एरवी हे प्रत्येक खांब मोजतात. त्या दिवशी बाहेरच उभे होते.

तिथून किल्लारीच्या बाजूला वळताना एका फाट्यावर ह्यांनी गाडी थांबविली आणि किल्ली माझ्यापुढे धरली. “तू चालव.”

ह्यांच्या मावशीचे गाव त्या भागात. गणपतीला हे लहानपणी तिकडेच असायचे. १९९३ साली सहामाही परीक्षा आली म्हणून गेले नाहीत. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायच्या आत, विसर्जन आटोपून झोपलेल्या गावांवर घरे कोसळली. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. इकडची घरे म्हणजे मातीत बसविलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर माळवद. लाकडांवर मातीचा भला मोठा थर. उन्हाळ्यात त्या घरांइतका गारवा दुसरीकडे नाही. तोच थर निजलेल्यांवर आला. त्यानंतर हे त्या वाटेला एकदाही गेले नव्हते, हे मला लग्नापासून ठाऊक होते.

आमच्याकडे शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात. ती पांढरी आता बाभळींनी भरली आहे. मारुतीचा पार तेवढा शिल्लक. ह्यांना घर सापडेना. शेळ्या चारणारे एक आजोबा जवळ आले.

“कुनाच्या म्हनायचं तुमी?”

ह्यांनी मावशीच्या यजमानांचे नाव सांगितले. आजोबांनी काठी उचलली. “ती जोडबाभळ दिसतीय न्हवं, तितं उंबरा. मावशी तुमची लई मोट्यानं हाका मारायची.”

हे त्या बाभळीपाशी जाऊन बसले. बऱ्याच वेळाने उठले आणि विचारले, “तुमच्याकडचं कोण?”

आजोबांनी चार बोटे दाखवली आणि शेळ्यांना हाळी दिली.

नव्या गावात रस्ते आखल्यासारखे सरळ, घरे एकासारखी एक. आजोबांच्या सुनेने चहा केला. घर पक्के, आजोबांची बाज मात्र अंगणात. “पाऊस आला तरच आत घेत्यात,” सून म्हणाली.

परतताना गाडी पुन्हा ह्यांच्याकडे आली आणि उदगीरच्या किल्ल्यापाशी वाचाही आली. सदाशिवरावभाऊंनी १७६० मध्ये इथे निजामाला नमविले आणि पुढच्याच जानेवारीत पानिपत झाले, हे मला ठाऊक असलेले सारे त्यांनी पुन्हा सांगितले. मी ऐकून घेतले. मुखेडकडचा रस्ता खड्ड्यांचा. कंधारला, राष्ट्रकूटांच्या त्या जुन्या नगरीत, भुईकोटाच्या खंदकाजवळ मागचे चाक बसले. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधीत होता, तेवढ्यात ह्यांनी घरी सासूबाईंना फोन लावला, “गेलो होतो,” एवढेच म्हणाले आणि तो माझ्या हाती दिला.

“अगं, पार आहे का अजून?” सासूबाईंनी विचारले.

“आहे.”

“आणि गावात कुणी चहा दिला का?”

“दिला,” मी म्हटले. “गुळाचा होता.”