घरातील हवा : येण्याची वाट आणि जाण्याची वाट

आरोग्याच्या पाठातील 'खिडक्या उघड्या ठेवाव्यात' हे वाक्य विद्यार्थी तोंडपाठ म्हणून दाखवितात. परंतु खिडकी उघडली म्हणजे खोलीतील हवा बदललीच, असे मात्र नव्हे. काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी पाणी मावत नाही. आधी काही ओतून टाकावे लागते. खोली ही हवेने भरलेली घागरच होय. जुनी हवा जाण्यास वाट नसेल, तर नवी हवा दारातच अडते. आपल्या जिल्ह्यातील उन्हाळा ज्याने काढला आहे, त्यास याचा अनुभव आहे. कूलर चालू करून सर्व दारेखिडक्या बंद केल्या, तर थोड्याच वेळात अंग चिकचिकू लागते आणि गारवा नाहीसा होतो. समोरची एक खिडकी उघडताच खोली पुन्हा थंड होते. हवेस येण्याची व जाण्याची अशा दोन वाटा लागतात, हेच प्रस्तुत लेखाचे मुख्य सूत्र आहे.

आपल्या पूर्वजांना हे सूत्र ठाऊक होते. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर घातलेले माळवद, हे आपल्या भागातील जुन्या घराचे रूप. या घरांना खिडक्या थोड्या असत. परंतु माळवदास सवणे ठेवलेले असे. चुलीचा तापलेला धूर हलका होऊन वर चढे व सवण्यातून बाहेर पडे. त्याची जागा घेण्यास दारातून थंड हवा आत येई. सवण्यातून प्रकाशही मिळे. घर अंधारे असले तरी ते कोंदट होऊ नये, एवढी काळजी त्या रचनेत घेतलेली होती.

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपाने याच घरांचा दुसरा, भयंकर दोष उघड केला. माळवदाचा प्रचंड भार व मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. लातूर व आपला, अशा दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. सास्तूर, होळी यांसारखी, आज लोहारा तालुक्यात असलेली, आपल्या जिल्ह्यातील गावे उद्ध्वस्त झाली. त्यानंतर लोकांनी माळवदाचे घर सोडून सिमेंटच्या छताचे अथवा पत्र्याचे घर पत्करले, हे योग्यच झाले. मात्र माळवदाबरोबर सवणेही गेले. नव्या घरांत दार व खिडकी पुष्कळदा एकाच भिंतीत असतात आणि छताशी हवेस वाट नसते. धोक्याचे छत टाकून दिले, ते टाकावयासच हवे होते. परंतु त्यातील गुणाची जागा दुसऱ्या एखाद्या सोयीने भरून काढावयाची राहून गेली.

याचा पहिला परिणाम धुराच्या रूपाने दिसतो. 2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गॅसची शेगडी पुष्कळ घरांत पोहोचली आहे. तथापि भाकरीसाठी, अंघोळीच्या पाण्यासाठी तुराट्या, गोवऱ्या व सरपण यांची चूल अनेक घरी अद्याप पेटते. धुराचे अतिसूक्ष्म कण नाकाघशात न अडकता थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. घरगुती इंधनाच्या धुराने 2020 साली जगात सुमारे 32 लाख मृत्यू ओढवले आणि त्यांत पाच वर्षांखालील 2 लाख 37 हजारांहून अधिक बालके होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आईच्या मांडीवर अगर चुलीपाशी बसलेले मूल हाच धूर घेत असते. थंडीत बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून निजणे तर प्राणघातक होय. कारण धुमसत्या निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही व वासही नाही. निजलेल्या माणसास तो जागे होण्याची संधी देत नाही.

धूर डोळ्यांस कळतो. उच्छ्वास कळत नाही. येथे गणिताचा उपयोग करावा. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद व तीन मीटर उंच वर्गखोलीचे घनफळ 108 घनमीटर, म्हणजे 1,08,000 लिटर होते. एक मूल तासाला सुमारे 10 लिटर कर्बवायू बाहेर सोडते असे धरल्यास 40 मुलांचा 400 लिटर होतो. खोली पूर्ण बंद असेल, तर तासाभरात त्याचे प्रमाण बाहेरच्या हवेतील 0.04 टक्क्यांवरून 0.4 टक्क्यांवर, म्हणजे दहापटीवर जाते. एवढ्याने जीव जात नाही. परंतु मुले जांभया देऊ लागतात व त्यांचे लक्ष उडते. शिवाय आपण परस्परांचा उच्छ्वास किती प्रमाणात घेत आहोत, याचेच हे माप होय. क्षय, गोवर यांसारखे हवेतून पसरणारे रोग याच मार्गाने एकाकडून दुसऱ्याकडे जातात. दुपारच्या तासाला पेंगणारा विद्यार्थी आळशीच असतो, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी शिक्षकांनी खिडक्यांकडे पाहावे.

थंड देशांत हाच प्रश्न निराळ्या रीतीने उभा राहिला. 1973 च्या तेलटंचाईनंतर इंधन वाचविण्यासाठी तेथील लोक घरांच्या फटी बुजवू लागले. ऊब आत राहिली, पण दूषित हवाही राहिली. यावर ऊर्जापुनर्प्राप्ती वायुवीजनाची युक्ती निघाली. एका पेटीत पातळ पडद्यांच्या दोन्ही अंगांनी बाहेर जाणारी जुनी हवा व आत येणारी ताजी हवा वाहते. दोन्ही हवा मिसळत नाहीत. परंतु जाणारी हवा आपली ऊब पडद्यातून येणाऱ्या हवेस देऊन जाते. काही पेट्यांत बाष्पाचीही अशीच देवघेव होते. कॅनडातील रेजायना येथे 1977 साली बांधलेल्या प्रायोगिक घरात अशी सोय केली होती. उन्हाळ्यात वातानुकूलित इमारतीत हीच क्रिया उलट घडते. जाणारी थंड हवा येणारी उष्ण हवा निववून जाते. घरी बसविलेले साधे वातानुकूलन यंत्र मात्र बहुधा खोलीतीलच हवा पुनःपुन्हा फिरविते. ते ताजी हवा आणीत नाही, हे ध्यानात ठेवावे.

बंद घरांच्या संदर्भात रेडॉन या वायूचे नाव वारंवार ऐकू येते. खडकातील व मातीतील युरेनियमपासून क्रमाक्रमाने रेडियम व त्यापासून रेडॉन उत्पन्न होतो. तो रंगहीन, गंधहीन व हवेच्या सुमारे साडेसातपट जड असून जमिनीच्या फटींतून घरात शिरतो. सुमारे 3.8 दिवसांत त्याचा निम्मा अंश विघटित होतो. त्यातून निर्माण होणारे किरणोत्सर्गी कण धुळीस चिकटून फुप्फुसात बसतात व कर्करोगाचा धोका वाढवितात. धूम्रपान करणाऱ्यास हा धोका कैक पटींनी अधिक असतो. स्वीडनमध्ये 1929 ते 1975 या काळात युरेनियमयुक्त शेल खडकापासून केलेले हलके काँक्रीट घरांसाठी वापरले गेले, आणि तेथे भिंतीच रेडॉनचे उगमस्थान ठरल्या. घरातील प्रमाण दर घनमीटरास 100 बेक्वेरेलच्या वर नसावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. एका सेकंदास एका अणूचे विघटन, म्हणजे एक बेक्वेरेल.

आपला जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. या पाषाणात युरेनियमचा अंश ग्रॅनाइटच्या मानाने सर्वसाधारणपणे पुष्कळ कमी असतो. म्हणून रेडॉनचे नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही. आपल्याकडील पहिला शत्रू धूर हाच होय. तरीही जमिनीच्या फटी बुजविणे व हवा खेळती ठेवणे हे उपाय रेडॉनवरही चालतात. एकच सवय अनेक दोषांस पुरी पडते.

शिक्षकबंधु-भगिनींनी वर्गात पुढील प्रयोग अवश्य करावा. ताटलीत थोडे पाणी घेऊन मध्ये पेटती मेणबत्ती ठेवावी व तीवर दिव्याची उंच काच उभी करावी. पाण्यामुळे खालची वाट बंद होते आणि वरचे तोंड उघडे असूनही ज्योत मंदावून विझते. मग मेणबत्ती पुन्हा पेटवून काचेच्या तोंडात पत्र्याची पट्टी उभी धरावी, म्हणजे तोंडाचे दोन भाग होतील. आता ज्योत तेवत राहते. कारण एका बाजूने थंड हवा उतरते व दुसऱ्या बाजूने तापलेली हवा चढते. पट्टीजवळ उदबत्ती नेली म्हणजे धुराच्या रेषेवरून दोन्ही वाटा मुलांस प्रत्यक्ष दिसतील. विस्तव शिक्षकांनी स्वतः हाताळावा.

त्यानंतर प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घराचा आराखडा काढून हवा कोठून येते व कोठून जाते हे बाणांनी दाखवावे. ज्या घरात जाण्याचा बाण काढता येणार नाही, तेथे चुलीवरच्या भिंतीत छताजवळ झरोका ठेवावा, समोरासमोरची दारेखिडकी स्वयंपाकाच्या वेळी उघडावी, अगर चूल उघड्या पडवीत न्यावी, असे पालकसभेत सुचवावे. झरोका पाडताना तुळई वा खांबास धक्का लावू नये. भूकंपप्रवण भागात गवंड्याचा सल्ला घेणे अगत्याचे आहे. पक्के घर आणि खेळती हवा या दोहोंत विरोध नाही. घर बांधताना दोन्हींचा विचार करणारी पिढी आज आपल्याच वर्गांत बसली आहे.