सोंगट्यांवरील खुणा आणि त्यांची नावे

पट, पत्ते, फासे आणि सोंगट्या यांचे बैठे खेळ संगणकाच्या पडद्यावर मांडणाऱ्या ‘टेबलटॉप सिम्युलेटर’ या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या सॉफ्टवेअरमध्ये खेळाची मांडणी आपोआप व्हावी यासाठी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची संहिता, लिहिता येते आणि ती १९९३ साली ब्राझीलमध्ये जन्मलेल्या लुआ या आटोपशीर भाषेत असते.

पटावरच्या प्रत्येक वस्तूला सॉफ्टवेअर सहा चिन्हांचा ओळखक्रमांक देते. सोळा चिन्हांतून तो बनत असल्याने १,६७,७७,२१६ वेगवेगळे क्रमांक संभवतात. मात्र हा क्रमांक एकाच वस्तूपुरता असतो आणि वस्तूची प्रत काढली की प्रतीला नवा क्रमांक मिळतो, त्यामुळे ‘शत्रूचे सर्व पत्ते उचल’ अशी संपूर्ण गटाला उद्देशून आज्ञा त्याच्या आधारे लिहिणे जिकिरीचे ठरते. ही उणीव टॅग भरून काढतो. टॅग ही खेळ रचणाऱ्याने वस्तूला स्वतःच्या शब्दांत लावलेली खूण असून एका वस्तूला असे अनेक टॅग लावता येतात.

नाव चुकले तर स्क्रिप्ट थांबतेच असे नाही. चुकीच्या टॅगने शोध घेतल्यास तिच्या हाती रिकामी यादी येते, ती निमूटपणे पुढे जाते आणि दोष शोधण्यात रचनाकाराचे तासन्‌तास खर्ची पडतात. म्हणून टॅगच्या नावात वस्तूचा टिकाऊ गुण असावा, तिची तात्कालिक स्थिती नसावी: ‘शत्रू’ हा टॅग डाव संपेपर्यंत खरा राहतो, तर ‘डावीकडचा’ हा टॅग सोंगटी हलताच खोटा ठरतो. शिवाय दोन रचनाकारांनी केलेली भर एकाच टेबलावर आली आणि दोघांनीही ‘शत्रू’ हेच नाव वापरलेले असले, तर एकाची आज्ञा दुसऱ्याचे पत्ते उचलू शकते. ‘किल्ला_शत्रू’ असा खेळाच्या नावाचा उपसर्ग लावल्यास हा गोंधळ टळतो. वेबपानांच्या एचटीएमएल या भाषेतही स्वनिर्मित घटकाच्या नावात संयोगचिन्ह सक्तीचे आहे, कारण त्यामुळे पुढे प्रमाण म्हणून येणाऱ्या नावांशी त्याची टक्कर होत नाही.

देवनागरीत टॅग लिहू पाहणाऱ्यांपुढे एक वेगळीच अडचण उभी राहते, आणि तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. ‘सुऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एकाच संकेताने लिहिता येते, तसेच ‘र’ आणि नुक्ता या दोन संकेतांनीही. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी दिसतात, परंतु लुआ शब्दांची तुलना त्यांच्या संकेतांवरून करत असल्याने तिच्या लेखी ती भिन्न असतात. रोमन लिपीतील लहान आणि मोठी अक्षरेही ती वेगळीच मानते, पण तो फरक निदान नजरेला दिसतो. त्यामुळे मराठी रचनाकारांनी खेळाडूंना दिसणारी नावे आणि वर्णने मराठीत खुशाल द्यावीत. टॅग मात्र रोमन लिपीत, सर्वत्र लहान अक्षरांत आणि खेळाच्या उपसर्गासह लिहावेत.