स्वेटर गेला, टोपी राहिली

महाराष्ट्रात थंडी ती किती? निफाड, महाबळेश्वर, नागपूर अशी ठिकाणं सोडली तर दिवाळीनंतरचे जेमतेम दोन-अडीच महिने. कोकणात तेवढेही नाहीत. तरी इथल्या कितीतरी घरांत पिढ्यान् पिढ्या लोकरीच्या सुया चालत राहिल्या. दरवेळी डोळ्यांसमोर घरातलं कुणीतरी असायचं. येऊ घातलेलं बाळ, दम्याने बेजार झालेले आजोबा, बदली होऊन दिल्लीला गेलेला भाऊ.

सुया येण्याआधीही बाळाचं डोकं उघडं राहत नव्हतंच. खणाची किंवा रेशमी कापडाची कुंची होती. डोकं झाकून पाठीवर रुळणारी, कडेला जर लावलेली. मऊ धोतराची किंवा जुन्या लुगड्याची झबली-टोपडी, दुपटी, गोधडी असा सगळा बाळंतविडा घरच्या बायका हातांनी शिवत. लोकर म्हणाल तर ती धनगरांच्या घोंगडीत होती, दख्खनी मेंढीची, राठ, मागावर विणलेली. ती बाळाच्या टाळूला लावण्यासारखी नव्हे. दोन सुयांवरचं विणकाम आपल्याकडे रुजलं ते मिशनरी बायका आणि मुलींच्या शाळांमुळे. 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू झालं. रमाबाई रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे लिहिण्या-वाचण्याच्या जोडीला हस्तकामही शिकवायला घेतलं. विधवा आणि परित्यक्ता बायकांना त्यातून चार पैसे मिळावेत हा हेतू होता. बाकीच्यांनी ती कला घरात नेली आणि कुटुंबासाठी वापरली. पुढे 1930 मध्ये किर्लोस्करांचं ‘स्त्री’ मासिक निघालं. बायकांच्या मासिकांतून विणकामाचे नमुने येऊ लागले, तसे ते कापून किंवा उतरवून ठेवायच्या वह्याही घरोघर तयार झाल्या.

या सगळ्या काळात सुया घराबाहेरच्यांसाठी मोठ्या प्रमाणावर चालल्या ते 1962 च्या हिवाळ्यात. चीनच्या आक्रमणाने हिमालयातल्या जवानांकडे पुरेसे गरम कपडे नसल्याचं उघड झालं आणि देशभरच्या बायका स्वेटर, मोजे, मफलर विणायला बसल्या. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, त्यामुळे मराठी घरांना ही लढाई आणखीच जवळची वाटली. कधी न पाहिलेल्या माणसाच्या मापाचं विणायचं, हे तोवर घरच्यांपुरतं विणणाऱ्यांना नवीन होतं.

त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं स्वेटरची. ॲक्रिलिकची लोकर आली, स्वस्त, रंगीत, न टोचणारी, घरी धुतली तरी न आटणारी. मुलाचा हात बाहीबाहेर आला की स्वेटर उसवला जाई. उसवलेल्या धाग्याला टाक्यांचे वळसे बसलेले असत. तो खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात बुडवायची, मग खाली हलकं वजन अडकवून सावलीत टांगायची. धागा सरळ झाला की गुंडा करायचा आणि धाकट्यासाठी पुन्हा टाके घालायचे. लोकर कमी पडली तर मध्ये दुसऱ्या रंगाचा पट्टा. एका लोकरीत दोन-तीन भावंडं वाढलेली घरं मी पाहिली आहेत. त्या पट्ट्यांवरून मुलं किती उंच झाली हेही सांगता यायचं.

मग हे थांबलं. थंडी पडली की पुण्या-नागपुरात तिबेटी विक्रेत्यांच्या रांगा लागू लागल्या. त्यांच्याकडचा माल बहुतेक लुधियानाचा, मशीनवरचा आणि लोकरीच्या गुंड्यांच्या किमतीतच तयार मिळणारा. नोकरी करणाऱ्या बाईने पूर्ण बाह्यांच्या स्वेटरसाठी दोन महिन्यांच्या संध्याकाळी का घालवाव्यात? तिचं बरोबरच होतं. मुलांनाही शाळेचा गणवेशातला स्वेटर हवा असे, आईच्या हातचा नको असे.

टोपी मात्र टिकली, आणि मला याचं फार अप्रूप आहे. कारणं अगदी व्यवहारातली आहेत. टोपीला लोकर थोडी लागते, उरलेल्या गुंड्यांतही ती होते. दोन-तीन बैठकांत हातावेगळी होते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 35 सेंटिमीटर, वर्षाच्या बाळाचा 46 च्या आसपास. चार पदरी लोकर आणि 10 नंबरच्या सुया घेतल्या तर जन्मलेल्या बाळाला नव्वदच्या आगेमागे टाके पुरतात. काठाला दोन सुलट, दोन उलट अशी वीण घातली की टोपी ताणते आणि डोकं वाढलं तरी काही आठवडे तीच चालते. वरचा भाग जमणं ही खरी कसोटी. टाक्यांचे सारखे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात दोन टाके एकत्र विणत घेर कमी करत न्यायचा. घाई केली की टोपी बसकी होते, रेंगाळलं की वर शेंडी निघते. शेवटी उरलेल्या टाक्यांतून धागा ओवून आवळायचा. आवडत असेल तर गोंडा लावायचा. शिकणाऱ्या मुलीला पहिल्याच कामात काहीतरी पुरं झाल्याचा आनंद मिळतो तो इथे.

टोपीत बदलही झाले आणि ते व्हायलाच हवे होते. जुन्या टोपड्यांना हनुवटीखाली बांधायच्या नाड्या असत. आता त्या न लावलेल्याच बऱ्या, कारण गळ्याभोवती काही असू नये. जन्मल्यावर पहिल्या तासांत, आणि वजन कमी असलेल्या बाळाला आईच्या छातीशी धरून ऊब देतात तेव्हा, टोपी औषधासारखी उपयोगी पडते, कारण बाळाची बरीच ऊब डोक्यातून जाते. पण तब्येत चांगली असलेलं बाळ घरी उबदार खोलीत झोपलेलं असताना टोपी नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. वैशाखातही बाळाला कानटोपी चढवणाऱ्या आज्यांनी हे ऐकायला हवं. विणलेलं प्रेमाने काढूनही ठेवता येतं.

आता आज्या परदेशी बाळंतपणाला जातात त्या बॅगेत मेथीचे लाडू, डिंक आणि दोन-चार टोप्या घेऊन. टोरांटोच्या किंवा शिकागोच्या हिवाळ्यात त्या टोप्यांना खरंखुरं काम मिळतं, जे मुंबईत कधी मिळालं नसतं. जायला जमत नसेल तर सून व्हिडिओ कॉलवर टेप दाखवून माप कळवते. 2020 च्या टाळेबंदीत अनेक तरुण मुली, आणि काही मुलगेही, यूट्यूबवर बघून क्रोशा शिकले. त्यांना इंग्रजी संज्ञा येतात, आजीला साखळी, खांब, मुका खांब. दोघी शेजारी बसल्या की पाच मिनिटांत जुळतं.

मला काळजी आहे ती वह्यांची. घर रिकामं करताना त्या रद्दीत जातात. ‘सु.’, ‘उ.’, ‘2 ए.’ अशी अक्षरं आणि मधे कुणाचं तरी नाव, महिना, डोक्याचं माप. एवढ्याशा नोंदींत एका कुटुंबातली सगळी बाळं असतात. ज्यांच्या घरात अशी वही असेल त्यांनी पानांचे फोटो काढावेत आणि वही लिहिणारी हयात असेल तर तिच्याकडून दोन गोष्टी विचारून समासात लिहाव्यात: लोकर किती पदरी आणि सुया कितव्या नंबरच्या. बहुतेकींनी हे लिहिलेलंच नाही, कारण त्यांना ते पाठ होतं.