ठरलेली गाडी, ठरलेला रस्ता



हंगाम लागला की गट ऑफिसात एकच प्रश्न येतो, "साहेब, गाडी कधी?" प्रश्न रास्त आहे. तोडलेला ऊस 24 तासांच्या आत गव्हाणीत पडावा लागतो. नंतर उन्हाने वजन घटते आणि आतली साखर मोडून तिचे ग्लुकोज-फ्रुक्टोज होते. वजनाचा तोटा एकट्या सभासदाचा, उताऱ्याचा सर्वांचा.

मागे एका हंगामात ऊस विकास खात्याकडून, म्हणजे आमच्याकडूनच, चूक झाली. जिकडून आरडाओरडा जास्त तिकडे गाडी, असा कारभार चालला. ट्रॅक्टर आज मावळात, उद्या खेडात. ड्रायव्हरला शिवाररस्ता नवा, ओढ्यावरची मोरी ठाऊक नाही. त्यात संध्याकाळी चाकणच्या तळेगाव चौकात कंपन्यांच्या पाळ्या सुटलेल्या, ट्रॉली दोन-दोन तास जागची हलेना. एका वयस्कर सभासदाचा ऊस तीन दिवस फडात वाळला, कारण ते ओरडले नव्हते. "तुमी येईल म्हणला, म्हणून बसलो," एवढेच ते बोलले. आमची मान खाली गेली.

याचे उत्तर आपल्याच मुलखातल्या माणसांनी कधीच शोधून ठेवले आहे. मुंबईचे डबेवाले बहुतेक खेड, मावळ, मुळशी, आंबेगाव, जुन्नर भागातले. महादू हावजी बच्चे यांनी 1890 साली हा धंदा उभा केला. 2020 च्या टाळेबंदीपूर्वी सुमारे 5,000 डबेवाले रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवीत. खुबी अशी की प्रत्येकाची घरे ठरलेली, स्टेशन ठरलेले, वेळ ठरलेली. डब्यावरच्या खुणेवरून कोणता डबा कुठे उतरायचा ते कळते. गटाला मुकादम असतो, आपल्या टोळीला असतो तसाच. कोणी आजारी पडला तर त्याची लाइन सांभाळायला जादा माणूस असतो. चाकणच्या मोटार कारखान्यांतही सुटे भाग गोळा करणारी गाडी ठरल्या वेळी ठरलेल्या फेरीने फिरते, त्याला ते 'मिल्क रन' म्हणतात. दूधवाल्याचीच रीत!

म्हणून यंदा प्रत्येक गटाला ठरलेली टोळी, ठरलेले ट्रॅक्टर आणि ठरलेला रस्ता राहील. पाळी लागणीच्या नोंदीप्रमाणे. गाडी नक्की झाल्याशिवाय तोडणी चिठ्ठी निघणार नाही. चाकणकडून येणाऱ्या ट्रॉल्या पाळ्या सुटण्याच्या वेळा टाळून सोडू. मोडतोडीसाठी दोन ट्रॅक्टर राखीव ठेवू. राखीव ट्रॅक्टर काही दिवस नुसते उभे राहतील, त्याचा खर्च पडेल, आणि वाहतूक आपल्याच ऊस बिलातून जाते हे आम्हाला माहीत आहे. तरी फडात वाळलेल्या उसापेक्षा तो खर्च परवडतो, असे आमचे मत आहे.

एक विनंती. गाडी आधी यावी म्हणून ड्रायव्हरच्या हातावर खुशाली ठेवू नका. एकाने दिली की रस्ता वाकडा होतो, आणि शेजाऱ्याचा ऊस मागे पडतो. पाळी चुकली तर थेट गट ऑफिसात या, ओरडत या नाहीतर गुपचूप या, नोंद दोघांचीही सारखीच होईल. रस्त्यांची यादी गट ऑफिसच्या फळ्यावर लावली आहे. आपला गट नंबर आणि लागणीची तारीख तपासून घ्यावी. चूक असल्यास मोळी टाकण्याआधी सांगावे.