बॅटरी बंद होती, मग सेल संपले कसे?



रब्बीची पाणीपाळी सुरू आहे. रात्रीची लाईट आली की दारं धरायला जावंच लागतं. मण्यार, घोणस जास्त करून रात्री फिरतात. अशा वेळी बांधावर बॅटरी विझली, तर प्रश्न सेलच्या पैशांचा राहत नाही, जिवाचा होतो.

*सेल न वापरता का उतरतात?*
पिशवीत विळा, पाना यांच्यात बॅटरी टाकली की बटण दाबलं जातं आणि ती रात्रभर आतच जळते. दाबायच्या मऊ बटणाच्या काही बॅटऱ्या तर बंद असतानाही थोडा थोडा करंट खातात.

*मग काय करायचं?*
१) रोज वापरायची बॅटरी पिशवीत टाकताना मागचं झाकण अर्धा आटा सैल करा आणि बटण दाबून बघा. लागली नाही, तर तशीच ठेवा. काही बॅटऱ्या तरीही लागतात. त्यात सेल आणि झाकण यांच्यामध्ये जाड प्लास्टिकचा तुकडा घाला. रात्री निघताना तो काढायचा.
२) महिनाभर लागणार नसेल, तर सेल काढूनच ठेवा. उतरलेला सेल आत राहिला की पाझरतो, स्प्रिंग गंजते आणि बॅटरीच वाया जाते.
३) काही जण एक सेल उलटा घालून ठेवतात. तीन सेलच्या बॅटरीत हे करू नका. बटण दाबलं गेलं, तर बाकीचे दोन सेल उलट्या सेलमध्ये करंट ढकलतात आणि तो पाझरू शकतो.
४) नवा-जुना सेल एकत्र घालू नका. जुना आधी संपतो आणि पाझरतो.
५) सुटे सेल खिशात नाणी-किल्ल्यांसोबत नकोत. दोन्ही टोकं जोडली गेली की सेल तापतो, लिथियमचा तर पेटूही शकतो.
६) पत्र्याच्या मोटारघरात उन्हात सेल ठेवू नका. उष्णतेनं ते लवकर उतरतात.

*चार्जिंगची बॅटरी असेल तर* ती उतरलेल्या अवस्थेत कपाटात टाकू नका. तशी दोन-तीन महिने पडली, तर पुन्हा चार्ज धरेलच असं नाही. महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा.

पाझरलेल्या सेलला उघडा हात लावू नका, लागलाच तर लगेच धुवा. संपलेले सेल चुलीत टाकू नका, मुलांच्या हाती देऊ नका.

आज रात्रीची पाळी असेल, तर उजेड आहे तोवरच झाकण उघडून एकदा बघून घ्या. हा मेसेज घरातल्यांनाही दाखवा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी